थकलेली मजुरी आणि कायद्याची चाल

(बंगळूर येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय मांडायला सोपा आहे. केलेल्या कामाची मजुरी मिळाली नाही, तर कामगाराने कोठे जावे, आणि गेल्यावर त्याच्या पदरात काय पडते? वेतनवाढ, बोनस, कामाचे तास यांवर सभा होतात, ठराव होतात, संप होतात. ठरलेली मजुरीच हातात पडत नाही, ही तक्रार मात्र बहुतेक ठिकाणी एकट्यादुकट्याची तक्रार समजली जाते आणि फायलीत पडून राहते. ती एकट्याची नाही, तिच्यामागे एक व्यवस्था उभी आहे, आणि ती व्यवस्था बदलण्याजोगी आहे, हे आज मला तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे.

या विषयाला सध्या विशेष निकड आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा यांची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली. या संहितांविरुद्ध देशातील केंद्रीय कामगार संघटनांनी वारंवार सार्वत्रिक संप केले. ९ जुलै २०२५ चा संप त्यांपैकीच एक. तो विरोध संपलेला नाही. परंतु तक्रार कोणापुढे करावयाची, कशी करावयाची, वसुली कशी व्हावयाची, हा तपशील बहुतांशी राज्यांच्या नियमांनी ठरतो. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राज्यांना नियम करता येतात आणि राष्ट्रपतींच्या संमतीने केंद्रीय कायद्यात दुरुस्तीही करता येते. म्हणून लढाईची एक आघाडी दिल्लीत असली, तरी दुसरी येथे, विधानसौधाच्या पायरीशी आहे.

उधारीवर घेतलेले श्रम

प्रथम प्रश्नाचे मूळ पाहू. दुकानदार माल देतो तेव्हा पैसे मोजून घेतो. कामगार मात्र आपला माल, म्हणजे आपली श्रमशक्ती, आधी देतो आणि मोल नंतर घेतो. महिनाभर काम करावयाचे आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेला मजुरी मिळावयाची, याचा अर्थ कामगाराने मालकाला महिनाभर बिनव्याजी उधारी दिली. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात हेच दाखवून दिले आहे, आणि धनी दिवाळखोर झाला की ही उधारी बुडते, याकडेही त्याने लक्ष वेधले आहे. मजुरी थकवणारा मालक काही अजब वर्तन करीत नाही. जी उधारी त्याला व्यवस्थेने दिली आहे तिची मुदत तो स्वतःच्या मर्जीने वाढवीत असतो. बँकेचा हप्ता चुकला तर व्याज चढते, पुरवठादाराचे बिल थकले तर माल बंद होतो. कामगाराची मजुरी थकली तर काहीच होत नाही. पैशाची चणचण भासली की मालक प्रथम मजुरीला हात घालतो, तो यामुळेच.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये दिलेल्या अहवालात मजुरीतील दंड आणि विलंब यांची दखल घेतली. ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. त्यातून १९३६ चा कायदा झाला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार खात्याचे सदस्य असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ मध्ये तो कायदा झाला. नुकसानभरपाई थकबाकीच्या दहापटीपर्यंत देता येईल, अशी तरतूद त्यात होती. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे घटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगार होय, असा निर्णय दिला. तत्त्व एवढ्या उंचीवर आहे. आता व्यवहार पाहू.

चारशे सतरा रुपये

आपल्या याच शहरातील उदाहरण घेऊ. पीन्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड येथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत लाखो कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. किमान वेतनाचा एक भाग म्हणजे महागाईशी जोडलेला भत्ता. तो दरवर्षी १ एप्रिलला बदलतो. एप्रिल २०२० पासून ही वाढ महिना ४१७ रुपये होती. महासाथीचे कारण पुढे करून राज्य सरकारने ती वर्षभर पुढे ढकलली. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने या निर्णयाला स्थगिती दिली आणि थकबाकीसह वाढ द्यावी, असे स्पष्ट केले. तरीही कारखानदारांनी ती दिली नाही. वर्कर राइट्स कन्सॉर्टियम या अमेरिकन संस्थेच्या पाहणीनुसार हजाराहून अधिक कारखान्यांतील चार लाखांहून अधिक कामगारांना ही रक्कम नाकारली गेली.

कॉम्रेड्स, हा हिशेब नीट करा. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४१७ रुपये म्हणजे दिवसाला सोळा रुपये. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या बाईने या सोळा रुपयांसाठी एक दिवस खाडा करून बन्नेरघट्टा रोडवरील कार्मिक भवनाच्या पायऱ्या चढाव्या, तर त्या दिवसाच्या रोजात महिन्याच्या थकबाकीपैकी बरीचशी रक्कम जाते. तिने तक्रार करू नये हेच तिच्या हिशेबाने शहाणपणाचे ठरते. आता मालकांच्या बाजूचा हिशेब करा. चार लाख गुणिले ४१७ म्हणजे महिन्याला सोळा कोटी अडुसष्ट लाख रुपये; वर्षाला दोनशे कोटींहून अधिक. एका बाजूला सोळा रुपये, दुसऱ्या बाजूला दोनशे कोटी. जो कायदा प्रत्येक कामगाराला एकेकटे यावयास सांगतो, तो ही रक्कम मालकाच्या पदरात टाकतो.

अखेर ही कोंडी फुटली कशी? येथल्या युनियनांनी प्रश्न धसास लावला, न्यायालयात आणि कारखान्याच्या दारात तो जिवंत ठेवला, आणि परदेशी खरेदीदार कंपन्यांवर जाहीर दबाव आला. तेव्हा २०२२ च्या सुरुवातीस मोठ्या निर्यातदारांनी थकबाकी देण्याचे मान्य केले. दहापट भरपाईचा कायदा हाताशी असून तो जे करू शकला नाही, ते माल घेणाऱ्याच्या नाराजीने केले. मालकाला किंमत मोजावी लागण्याची खात्री वाटली तेव्हाच पैसे सुटले, एवढा धडा यातून घ्यावयाचा.

सत्तेच्या दोन चाली

दुसरे उदाहरण येथून फार दूरचे नाही. कोलार जिल्ह्यातील नरसापूर औद्योगिक वसाहतीत विस्ट्रॉन कंपनीचा मोबाइल फोन तयार करणारा कारखाना होता. बहुतेक कामगार ठेकेदारांमार्फत घेतलेले. पाळ्या बारा तासांच्या केलेल्या. मजुरी उशिरा आणि कापून मिळत असल्याच्या तक्रारी. १२ डिसेंबर २०२० रोजी असंतोषाचा स्फोट झाला आणि कारखान्याची मोडतोड झाली. मोडतोडीच्या मार्गाचे समर्थन कोणी करणार नाही. तिने संघटना उभी राहत नाही, उलट कामगार तुरुंगात जातात. शंभराहून अधिक कामगारांना अटक झाली. पुढच्या काही दिवसांत राज्याच्या कारखाने खात्याच्या तपासणीत कायद्याचे भंग आढळले, आणि काही कामगारांना योग्य व वेळेवर वेतन मिळाले नाही याबद्दल कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

येथे सत्तेच्या दोन चाली दिसतात. काच फुटली तेव्हा पोलीस त्याच दिवशी पोचले. मजुरी थकत होती तेव्हा कोणीही पोचले नाही. काच ही मालमत्ता आहे. कामगाराची मजुरीही त्याची मालमत्ताच आहे. तिच्या रक्षणासाठी मात्र कामगाराला अर्ज करावा लागतो.

मजुरी बुडवणारा केवळ खाजगी मालक असतो, असेही नाही. या शहराचे रस्ते झाडणारे पौरकर्मिक वर्षानुवर्षे ठेकेदारांच्या नावावर राबले. ठेकेदारी मोडून थेट वेतन देण्याचे ठरले, तेव्हा ज्यांची नावे यादीत आली नाहीत त्यांचे पगार महिनोन्महिने अडकले. जुलै २०१८ मध्ये पगार थकलेल्या एका पौरकर्मिकाने आत्महत्या केली. दीर्घ लढ्यानंतर मे २०२५ मध्ये हजारो पौरकर्मिकांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. संघटनेचा हा मोठा विजय आहे. परंतु मधल्या काळात बुडालेल्या महिन्यांचा जाब कोणी कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न उरतोच.

तक्रारीची वाट

तक्रार कोठे कोठे अडते, हे आता क्रमाने पाहू.

पहिला अडथळा पुराव्याचा. हजेरीपट आणि पगारपत्रक मालकाच्या कपाटात असते. बांधकामावर तर बहुधा मुकादमाच्या वहीत. कामगाराकडे ओळखपत्रही नसते.

दुसरा अडथळा ‘हा माझा कामगारच नव्हे’ या एका वाक्याचा. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-क (२) खाली कामगार न्यायालय येणे रकमेचा हिशेब करून देई. परंतु हक्क आधीच मान्य किंवा सिद्ध झालेला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या १९९५ च्या प्रकरणात ठरविले. मालकाने हक्कच नाकारला की कामगाराने तो आधी दुसरीकडे सिद्ध करून यावयाचे. ठेकेदारी कामगारांची वाट या एका वाक्याने वर्षानुवर्षे अडली.

तिसरा अडथळा मुदतीचा. किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्याखालील दाव्याला बारा महिने मुदत होती. ज्याची नोकरी चालू आहे तो भीतीने गप्प बसतो. नोकरी गेल्यावर बोलतो, तोवर मुदत टळलेली असे.

चौथा अडथळा वसुलीचा, आणि तोच सर्वांत मोठा. अधिकाऱ्याने हुकूम दिला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली व्हावयाची, तर दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे आणि तेथून तहसीलदाराकडे जातो. निवडणूक, टंचाई, पूर, मोजणी या कामांच्या ढिगाखाली तो दाखला पडतो. तोवर ठेकेदाराने फलक बदललेला असतो, आणि रायचूर किंवा यादगीरहून आलेला मजूर दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

नव्या संहितेत काय आले, काय निसटले

विरोध करताना डोळे उघडे ठेवून केला पाहिजे. संहितेत कामगाराच्या उपयोगाच्या काही तरतुदी आहेत आणि त्या आजपासून वापरल्या पाहिजेत. दाव्याची मुदत तीन वर्षे झाली आहे. पूर्वी महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच वेतन प्रदान कायद्याचे संरक्षण होते. ती मर्यादा गेली आहे. येणे रक्कम दिली हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ ने मालकावर टाकला आहे. नोंदलेली युनियन आपल्या सभासदांसाठी दावा करू शकते, आणि एका आस्थापनेतील कितीही कामगारांसाठी एकच अर्ज करता येतो. प्रत्यक्ष कामावर ठेवणाऱ्याने मजुरी दिली नाही, तर आस्थापनेच्या धन्याने ती द्यावी, असे कलम ४३ सांगते.

आता दुसरी बाजू. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा अधिकाऱ्याने ‘प्रयत्न’ करावयाचा आहे. न केल्यास कोणाचे काही बिघडत नाही. भरपाई दहापटीपर्यंत आहे, पण तिला खालची मर्यादा नाही. म्हणजे अधिकाऱ्याने नाममात्र भरपाई दिली तरी कायदा पाळला जातो. कमी मजुरी देण्याच्या पहिल्या गुन्ह्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, कैद नाही. आणि कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून गुन्हा मिटविण्याचीही सोय आहे. शेकडो कामगारांची मजुरी दाबणाऱ्याला हा दंड म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्च. जुन्या वेतन प्रदान कायद्यात मालकाला अपील करावयाचे तर हुकुमाची रक्कम आधी भरावी लागे. संहितेच्या अपिलाच्या कलमात ही अट आढळत नाही. निरीक्षकाचे ‘निरीक्षक-नि-साहाय्यक’ झाले आहे. पूर्वसूचना न देता केव्हाही आत जाण्याचा निरीक्षकाचा अधिकार हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८१ व्या कराराचा गाभा आहे, आणि भारताने तो करार १९४९ मध्येच मान्य केला आहे. शिवाय ठेकेदारी कामगारांच्या केंद्रीय तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत. आता त्या पन्नासांपासून लागू होतात. एकोणपन्नास मजूर ठेवणारा ठेकेदार परवान्यातूनही सुटला आणि त्या परवान्याच्या अनामतीतूनही.

आपल्या मागण्या

या सर्वांचा निष्कर्ष असा : विलंबाची किंमत आज कामगार मोजतो, ती मालकावर टाकली पाहिजे. त्यासाठी राज्यापुढे पुढील मागण्या नेमकेपणाने मांडल्या पाहिजेत.

१. मजुरी थकल्याची तक्रार येताच नोटीस ठेकेदार आणि मुख्य मालक या दोघांनाही जावी. वसुली प्रथम मुख्य मालकाकडून व्हावी. ठेकेदाराशी त्याने आपला हिशेब नंतर करावा.

२. जी रक्कम मालकाच्याच कागदांवरून देय दिसते, ती पंधरा दिवसांत देण्याचा अंतरिम हुकूम व्हावा. वाद उरलेल्या रकमेपुरता चालावा.

३. संपूर्ण रक्कम जमा केल्याशिवाय मालकाचे अपील दाखल होऊ नये.

४. भरपाईला किमान मर्यादा असावी, आणि विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज अर्ज न करता आपोआप लागावे.

५. तोंडी तक्रार लिहून घेऊन पावती द्यावी, आणि ती कामगाराच्या भाषेत घ्यावी. बंगळूरच्या बांधकामांवर कन्नड, तेलुगू, हिंदी, बंगाली, ओडिया आणि मराठी बोलणारे मजूर आहेत. मजूर गावी परतला असेल तर तेथूनही तक्रार करता यावी.

६. तक्रार चालू असताना तक्रारदाराला कामावरून काढणे अवैध ठरावे.

७. किती दावे आले, किती रकमेचे हुकूम झाले आणि त्यांपैकी प्रत्यक्ष किती पैसे कामगारांच्या हाती पडले, याचा तक्ता कामगार खात्याने दर तिमाहीस प्रसिद्ध करावा.

८. मालक पळाला किंवा दिवाळखोर झाला, तर राज्याच्या हमी निधीतून मजुरी द्यावी आणि ती निधीने मालकाकडून वसूल करावी.

शेवटची मागणी कोणाला अवास्तव वाटेल. भांडवली दक्षिण कोरियात १९९८ पासून असा निधी कायद्याने चालू आहे. युरोपीय समुदायाने १९८० मध्येच दिवाळखोर मालकांच्या कामगारांसाठी हमी संस्था ठेवण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. चीनमध्ये मे २०२० पासून बांधकामावरील स्थलांतरित मजुरांचे वेतन स्वतंत्र खात्यात ठेवावे लागते आणि मुख्य कंत्राटदाराला त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील १९६९ च्या माथाडी कायद्याकडे पाहा. पाठीवर ओझे वाहणाऱ्या, रोज नवा धनी असणाऱ्या हमालाची मजुरी बुडवणे सर्वांत सोपे होते. त्या कायद्याने मंडळे स्थापन केली. धन्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराला द्यावयाची. धन्याशी एकट्याने झगडण्याची वेळच हमालावर येऊ नये, अशी ही रचना आहे. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटना बांधून हे मिळविले. कर्नाटकातही उदाहरण आहे. कामावरून काढलेल्या कामगाराला सरकारच्या शिफारशीची वाट न पाहता थेट कामगार न्यायालयात जाता यावे, म्हणून या राज्याने १९८८ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम १० (४-अ) घातले. राज्याने मनावर घेतले तर केंद्रीय कायद्यातही वाट काढता येते, हे त्याने सिद्ध झाले.

मालक म्हणतील, लहान ठेकेदार यात बुडेल. क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच याचे उत्तर दिले आहे : किमान वेतनसुद्धा देऊ न शकणाऱ्या धंद्याला अस्तित्वाचा अधिकार नाही. लहान ठेकेदार बहुधा बुडतो तो वरच्या मोठ्या कंपनीने त्याचे बिल थकवल्यामुळे. मुख्य मालकावर जबाबदारी टाकली तर त्याचीही सुटका होईल.

संघटनेचे काम

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसावयाचे नाही. प्रत्येक शाखेने, प्रत्येक युनियनने तीन कामे लगेच हाती घ्यावीत. पहिले, कामगाराच्या घरी स्वतःची हजेरीवही असावी : तारीख, जागा, तास, मुकादमाचे नाव, मिळालेले पैसे. सिद्ध करण्याचा भार मालकावर असला तरी कामगाराची वही त्याच्या कपाटातील खोट्या पटाला उत्तर देईल. दुसरे, सुट्या तक्रारी एकत्र करून युनियनच्या नावाने एकच अर्ज करावा आणि त्यात मुख्य मालकाला पहिल्याच दिवशी पक्षकार करावे. एकटीचे सोळा रुपये क्षुल्लक दिसतात, हजार जणींचे महिन्याचे चार लाख सतरा हजार होतात. तिसरे, हुकूम झाल्यावर थांबू नये. दाखला कोणत्या टेबलावर आहे हे विचारण्यासाठी दर आठवड्याला तहसील कचेरीत माणूस गेला पाहिजे.

या शहराने १९८०-८१ चा सार्वजनिक उद्योगांतील कामगारांचा प्रदीर्घ संप पाहिला आहे. एका मोठ्या छपराखाली काम करणाऱ्यांची ती शक्ती होती. आज तेच शहर हजारो लहान छपरांखाली, ठेक्यांखाली, पाळ्यांखाली विखुरलेले आहे. थकलेल्या मजुरीचा प्रश्न या विखुरलेल्यांना एकत्र आणू शकतो. कारण शिलाईवाली, गवंडी, झाडूवाला, सुरक्षारक्षक आणि संगणकावर बसणारा तरुण या सर्वांना तो कधी ना कधी भेटतो. कायदा सुधारण्याची मागणी घेऊन आपण त्यांच्या दारी गेलो, तर कायदा सुधारेलच आणि संघटनाही वाढेल. या कामाला पुढच्या सात तारखेपासून सुरुवात करू या. ज्या दारात मजुरी आली नसेल, त्या दारात आपला कार्यकर्ता वही घेऊन पोचला पाहिजे.